मगदूम सर दुपारी बाराला लिहितात

संपादकांचं लेखाचं निमंत्रण मला ईमेलनं आलं आणि मी त्याला तीन दिवस हातच लावला नाही. अनोळखी माणूस, तुपात तळलेली भाषा, ‘आपल्यासारख्या जाणकाराचा अनुभव’ वगैरे साखरपेरणी, आणि शेवटी ‘कृपया त्वरित कळवावे’. एवढं सगळं एका मेलात दिसलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. चौथ्या दिवशी स्कूटर काढली आणि थेट दिवाळी अंकाच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो.

“पावणं, ह्यो मेल तुमीच धाडलाय काय?”

“व्हय की, दिनूमामा.”

“कशावरनं?”

संपादकांनी आपल्या मशीनवर पाठवलेली पत्रं उघडून दाखवली, चहा पाजला आणि म्हणाले, “ह्येच लिवा की मामा.”

तर हे लिहितोय. पण आधीच सांगून ठेवतो, यातलं एक प्रकरण लिहिताना मी भर दिवसा खोलीचं दार लावून घेतलं आहे आणि मोबाईल बाहेर बायकोच्या पिशवीत ठेवला आहे. का ते पुढं कळेल.

राजारामपुरीत मी बावीस वर्षं नेट कॅफे चालवला. सहा मशीन, प्लायवूडचे खोपे, छताला एक पंखा. पुढं ज्याच्या-त्याच्या खिशात नेट आलं, खोपे मोडले, आणि मी दातांच्या डॉक्टरांच्या शेजारी अर्ध्या गाळ्यात एक टेबल टाकून, वर तोच पंखा लावून बसलो. फॉर्म भरणं, मशीन दुरुस्त करणं. पण माझा खरा धंदा, ज्याचा मी कधी एक पैसा घेतला नाही, तो म्हणजे खोटा मेल ओळखणं. माणसं फोन माझ्या नाकासमोर धरायची, “मामा, ह्ये खरं हाय का?” आणि मी वासावर सांगायचो. हसू नका. खोटा मेल उघडला की आमच्या दुकानातला पंखा मंदावायचा. आमची मालकीण, म्हणजे बायको, म्हणते पंखा जुना होता. असेल. पण खऱ्या मेलला कसा कधी मंदावला नाही?

सुरुवातीच्या काळात उचगावचा एक गडी आला होता. फाउंड्रीत कामाला. तोंडावर असा उजेड की दुकानातली ट्यूब बंद केली तरी चाललं असतं. परदेशातल्या लॉटरीत त्याला साडेचार कोटी लागले होते.

“पावणं, तिकीट कवा काढलंतं?”

“न्हाई काढलं.”

“मग लागलं कसं?”

“नशीब हाय की मामा! तिकीट काढून कुणालाबी लागतंय.”

त्याला खुर्चीत बसवला आणि मेल पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून नावामागचा पत्ता उघडून दाखवला. नाव मोठ्या बँकेचं, पत्ता कुठल्या तरी खेळण्यांच्या दुकानाचा, मध्ये उगीच चार आकडे. धंद्यातली पहिली गोष्ट हीच. नाव म्हणजे दारावरची पाटी. ती कुणीही रंगवून लावतो. पत्ता बघायचा, तोही अक्षर न् अक्षर. दुसरी खूण घाई. ‘चोवीस तासांत’, ‘आजच’, ‘नाहीतर खातं बंद’. खरी बँक कुणाची घाई करत नाही. तिथं रांगेत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिसरी खूण, ‘कुणाला सांगू नका’. आणि यातलं काहीही दिसलं, की त्या मेलातल्या निळ्या ओळीवर बोट न ठेवता, जोडलेली फाईल न उघडता, ज्यानं पाठवला म्हणतात त्या माणसाला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करायचा आणि विचारायचं, बाबा, तूच का?

बावीस वर्षं मी हे लोकांकडून घोकून घेतलं. यात एक भोक आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्याला फोन करून विचारायचं, तो माणूस गेलेला असला तर?

मगदूम सर वारणानगरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. जैन कुटुंब, राजारामपुरीतच फ्लॅट. रोज दुपारी बाराला माझ्या दुकानात यायचे, कारण बाराला पोरं जेवायला जातात आणि खोपा रिकामा मिळतो. सरांचा ईमेल मीच उघडून दिला होता. परदेशातल्या मुलीला, सुनीताला, ते रोज चार ओळी लिहायचे. पहिली ओळ ठरलेली: ‘आज ऊन चांगले आहे.’ बाहेर गुडघाभर पाणी असलं तरी ऊन चांगलंच. एकदा मी म्हणालो, “सर, छत्री गळायला लागल्या तुमची.” तर म्हणाले, “दिनकर, तिला तिकडे काळजी नको.” असा माणूस.

सर गेले. लोक भेटून गेले. मी दोन दिवस त्यांचा बसायचा कोपरा रिकामा ठेवला. वर्ष होत आलं.

एका दुपारी, पावणेबाराच्या सुमाराला, मालतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुकानात आल्या. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता आणि माणूस दिसत नव्हतं. लहानपणी आमची आजी बजावायची, भर बाराला तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, थांबू नये, तेव्हा रस्ता आपला नसतो. काकूंच्या हातात रुमालात घट्ट गुंडाळलेला फोन होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही; लांबच्या स्टुलावर ठेवला आणि स्वतः दुसऱ्या टोकाला बसल्या. फोन चावेल तशा.

“मामा, एक इचारू?” त्या म्हणाल्या. “तुमच्यात माणूस गेला की दहाव्याला कावळा बघतात. मागं रेंगाळतंय म्हणतात. आमच्यात तसं न्हाई. आमच्यात हिकडं डोळं मिटलं की तिकडं लगीच दुसरा जल्म. थांबायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. खरं का न्हाई?”

“तुमी सांगताय म्हंजी खरंच की.”

“मग ह्यो कोण?”

मी रुमाल सोडला. मेल नऊ दिवसांपूर्वीचा, दुपारी बाराचा.

‘मालती, आज ऊन चांगले आहे. मी अडकलो आहे. इथून फोन करता येत नाही. कुणाला सांगू नकोस. मला उत्तर दे.’

आता, हा मेल मला नवा नव्हता. ‘मी परगावी अडकलोय, फोन चालत नाही, कुणाला सांगू नका’ हे या धंद्यातलं जुनं नाटक आहे. शेकड्यांनी मेल बघितलेत. चोर कुणाचीतरी मेलची पेटी फोडतो आणि त्यातल्या ओळखीच्या सगळ्यांना हे धाडतो. पण ते जिवंत माणसाच्या नावानं वाचणं वेगळं. मेलेल्याच्या नावानं वाचलं तर त्यातला शब्द न् शब्द खरा वाटतो. अडकलोय. फोन करता येत नाही. कुणाला सांगू नकोस.

मी मोठ्यांदा म्हणालो, “काकू, ह्ये भामट्याचं काम हाय. नाव सरांचं, पत्ता बघा आता कसा निघतोय.” आणि नावावर बोट ठेवलं.

पत्ता सरांचाच होता. मी अक्षर न् अक्षर वाचला. एकदा पुढून, एकदा मागून. मीच उघडून दिलेला पत्ता. माझी सगळी विद्या तिथं संपली. वर पंखा फिरत होता, अजिबात मंदावला नव्हता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

“उत्तर दिलंसा काय?”

काकूंनी फोनकडं बोट दाखवलं. मी खाली सरकत गेलो. नऊ दिवस, रोज बाराला. काकूंचं, ‘कुठं आहात?’ तिकडून, ‘लांब आहे. कागद हरवले आहेत. तू जेवलीस का?’ काकूंचं, ‘जेवलो.’ (आमच्याकडं बायकाही ‘जेवलो’च म्हणतात.) तिकडून, ‘औषध वेळेवर घे. सुनीताला सांगू नकोस, तिला काळजी नको.’ चौथ्या दिवशी एक फाईल: ‘ही उघड, म्हणजे मला तुझा आवाज ऐकू येईल.’ काकूंनी ती उघडली होती. आणि आदल्या दिवसाचा शेवटचा मेल:

‘उद्या बाराला माझ्या जुन्या फोनवर सहा आकडे येतील. ते मला सांग. मग मी घरी येऊ शकेन.’

मी घड्याळाकडं बघितलं. बाराला सात मिनिटं.

“सरांचा जुना फोन कुठं हाय?”

काकूंनी पिशवीतून तो काढला. बटणांचं डबडं, कडा झिजलेल्या. वर्षभर त्या तो चार्ज करत होत्या, नंबरात पैसे भरत होत्या. बंद करायला मन झालं नव्हतं. आणि बँकेतला नंबर अजून तोच. सरांची पेन्शन, दोघांनी जन्मभर शिल्लक टाकलेलं, काकूंचं उरलेलं सगळं आयुष्य त्या एका खात्यात, आणि त्या खात्याची कडी म्हणजे ते सहा आकडे.

“काकू, आकडे आले तर कुणाला सांगायचं न्हाई.”

“त्येच्यासाठनंच आलोय,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “आकड्याचं न्हाई हो मामा. घरला येतो म्हणतंय ते. खरंच आलं तर?”

मी काकूंचा फोन परत स्टुलावर ठेवला.

बारा वाजले आणि सरांचा फोन वाजला. एकदाच, टिंग. पडद्यावर सहा आकडे. त्याच क्षणी स्टुलावरचा दुसरा फोन थरथरला. मेल. ‘आकडे आले का?’

पुन्हा थरथर. ‘मालती, वाच.’

काकूंनी तो बटणांचा फोन डोळ्यांजवळ नेला. माणसाला सवय असते. आकडा दिसला की ओठ हलतात, त्यात मास्तरांची बायको. मी म्हणालो, “काकू, नका.”

तिसरा मेल आला. ‘शेजारी कोण आहे?’

मी कुस्तीच्या तालमीत वाढलेला माणूस आहे. भुताखेतांना मी पंचवीस वर्षांचा असताना लोळवलंय, ती गोष्ट पुन्हा कधी. पण ‘कोण आहे’ या चार अक्षरांनी मला जागच्या जागी चितपट केलं. समोरचा रस्ता पांढराफटक. खिडकीत कुणी नाही. चौथा मेल: ‘त्याला जायला सांग.’

आणि काकू बोलल्या. “चार…”

मी ओरडलो. कसा ओरडलो म्हणता? शेजारी डॉक्टरांच्या हातातला चिमटा पडला आणि पेशंट न काढलेल्या दाढेसकट घरी गेला. टेबलावरून उडी मारली (मालकीण म्हणते टेबलाला वळसा घातला), तो स्मार्ट फोन उचलला, आणि टाचणीनं त्यातलं सिम उपटून काढलं. नेट गेलं. फोन हातात एकदा थरथरला आणि शांत झाला. मग त्या मुडद्यासारख्या फोनला मी पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि पाण्याच्या कळशीमागं ठेवलं.

नंतर सुचलं ते आता शांतपणे सांगतो. चौथ्या दिवशी काकूंनी उघडलेली ती फाईल म्हणजे फोनला फुटलेला परका कान. ती फोनात बसली की आजूबाजूचं बोलणं तिकडं जातं. सर नव्हते, आमचं बोलणं ऐकणारा कुणीतरी होता. आणि पेटीत सरांची मुलीला लिहिलेली हजारभर पत्रं पडलेली. ती वाचून, नाहीतर हल्लीच्या हुशार मशीनला वाचायला देऊन, सरांचं ऊन, सरांची काळजी, सरांची बाराची वेळसुद्धा उचलली होती. एवढं कळल्यावर माणसाची भीती जावी. माझी वाढली. भूत परवडलं, ते निदान आपल्याच गावचं असतं.

पण तो पेटीत शिरला कसा? माझ्या मशीनवर मी सरांची पेटी उघडायला घेतली. पासवर्ड बदललेला. मग ‘पासवर्ड विसरलात?’ वर दाबलं, आणि पडद्यावर मी स्वतः सरांसाठी निवडलेला गुप्त प्रश्न आला: ‘तुमचा आवडता पदार्थ?’

मी खुर्ची पुढं ओढली.

“काय इचारतंय?” काकू.

मी टाईप केलं. तांबडा रस्सा.

पेटी उघडली.

काकूंनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “मामा. आमच्या घरात कांदा-लसूण चालत न्हाई.”

“व्हय काकू.”

“आन् सरांच्या नावानं तुमी मटणाचा रस्सा लिवून ठेवलासा?”

काय सांगू? त्या काळात प्रत्येकासाठी वेगळं उत्तर कोण लक्षात ठेवणार? पाच हजार लोकांना मी मेल उघडून दिले (मालकीण चाळीस म्हणते), आणि सगळ्यांना एकच उत्तर. विसरले तरी मामा आहेच! जैन, बौद्ध, मराठा, माळकरी, कुणीही असो, कुलपाची किल्ली तांबडा रस्सा. सरांच्या पत्त्यात मी हौसेनं ‘कोल्हापूर’ही घातलं होतं. त्या चोरानं कोल्हापूर बघितलं नसेल, पंचगंगेचं पाणी चाखलं नसेल, पण कोल्हापूरकराला काय आवडतं हे जगात कुणाला ठाऊक नाही? दुनियेला मी दार लावायला शिकवत होतो, आणि आख्ख्या गल्लीची किल्ली मीच उंबऱ्यावर ठेवून आलो होतो.

आणि तो अजून आत होता. अर्धवट पत्रांच्या कप्प्यात एक पत्र होतं. मी पडदा ताजा केला, त्यात एक ओळ वाढली. ‘मालती, का बोलत नाहीस?’ पुन्हा ताजा केला. ‘मालती, तो माणूस चांगला नाही.’ कुठल्या गावात, कुठल्या खुर्चीत बसून कुणाची बोटं चालत होती कोण जाणे. अक्षरं मात्र सरांच्या पेटीत, सरांच्या नावाखाली उमटत होती. मी पासवर्ड बदलला, जिथं जिथं पेटी उघडी होती तिथून सगळ्यांना बाहेर काढणारं बटण दाबलं. पुन्हा ताजा केला. ओळ वाढली नाही. दुकानात एकदम इतकं शांत झालं की पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

मग बँकेत गेलो, नंबर बदलला. सायबर पोलिसांकडं तक्रार दिली. काकूंचा फोन पार धुऊन पुसून कोरा केला. पैसा वाचला. मधल्या वेळात मी काकूंना म्हणालो, “पण काकू, नऊ दिवस तुमाला सर वाटलेच कसे?”

“सर कशाला वाटत्यात? पैल्या दिशीच कळलंतं.”

“आँ? कशावरनं?”

“बावन्न वर्सं संसार केला मामा. सरांनी मला येक चिठ्ठी लिवली न्हाई. सगळी पत्रं लेकीला. आन् कवा म्हणून ‘जेवलीस का’ इचारलं न्हाई. ताट वाढलं की जेवायचं, उठायचं. ह्ये आलं आन् रोज इचारतंय, जेवलीस का, औषिध घेतलंस का. म्हटलं, ह्यो आपला न्हवं.”

“मग उत्तर का देत हुतासा?”

काकूंनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “इचारत हुतं की,” त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांच्या धंद्यात पत्ता, घाई, फाईल, सगळ्या खुणा मी गोळा केल्या. ही खूण माझ्याकडं नव्हती.

शेवटी पेटीला नवं गुप्त उत्तर द्यायचं होतं. काकूंना म्हणालो, “आता तुमी टाका. कुणालाबी ठाऊक नसलेलं. मलाबी न्हाई.” आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं. बटणांच्या आवाजावरून लोकांच्या सगळ्या किल्ल्या ओळखणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा बोटांनी कान बंद करून बसला.

त्यानंतर मी जुनी वही काढली आणि घरोघर हिंडलो. दार वाजवायचं, आणि म्हणायचं, मामाचं चुकलं, तुमचा रस्सा बदलायचाय. काही घरांत ज्यांचा मेल होता ती माणसंच उरली नव्हती. तिथं पेटी उघडताना मी अजून चप्पल बाहेर काढतो आणि आधी तारखा बघतो, माणूस गेल्यानंतरची काही पत्रं गेली आहेत का. किती ठिकाणी गेली होती ते मी या अंकात सांगणार नाही. सणासुदीचे दिवस आहेत.

सरांची पेटी काकूंनी ठेवली आहे. सरांची सगळी पत्रं त्या रोज एक वाचतात. ती आता त्यांच्या फोनवर उघडते, त्यामुळं कुणी चुकीचं उत्तर देऊन शिरायला बघितलं की इशारा त्यांना येतो. महिन्या-दोन महिन्यांतून येतो. भर बाराला. मग मला फोन.

“मामा, आज परत येऊन गेलं.”

“दार बंद हाय काकू. भिऊ नका.”

“भेत न्हाई,” काकू म्हणतात. मागं ताटाचा आवाज येत असतो. “जेवायलाच बसलोय.”